एका ‘तुम्ही’पायी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचो. आता गुडघे गेलेत. उठून जाता येत नाही, म्हणून बसल्या जागी सांगतो.

प्रभादेवीची उंच इमारत. वरच्या मजल्यावर, एका साहेबांच्या दारासमोर आम्ही अनवाणी उभे. चपला त्यांनीच बाहेर काढायला लावल्या होत्या. मी वायरिंगवाल्यांचा मुकादम. शिडीवर वसंता. घोडपदेवला तो आमच्याच चाळीत राहायचा, दोन खोल्या पलीकडे. या धंद्यात त्याला मीच आणलं.

इमारतीला आगीच्या अलार्मची नवी केबल टाकायची होती. ही केबल लाल असते. आगीतसुद्धा तिच्यातून करंट जात राहतो, म्हणून भोंगा वाजत राहतो. पण ती स्टीलच्या क्लिपांनीच भिंतीला ठोकावी लागते. प्लास्टिकच्या पोकळ पट्टीत बसवली, तर पट्टी आगीत वितळते, केबल लोंबते, तुटते, पुढचे भोंगे बंद पडतात. धुरातून पळणारा माणूस लोंबत्या केबलमध्ये अडकतो.

साहेब मराठीच. जुन्या घराण्यातले. बोलणं स्वच्छ, आवाज कधी चढायचा नाही.

“हे लाल माझ्या दारासमोरून जाणार नाही. पांढऱ्या पट्टीत झाका.”

वसंता शिडीवरूनच म्हणाला, “साहेब, पट्टी नाय चालत. आग लागली तर पहिली तीच खाली येणार.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, “तुम्ही समजूतदार दिसता. याला खाली घ्या.” मग वर न बघताच, “आणि तू, उतरलास की फरशी पूस. तुझ्या पायांचे ठसे उठलेत.”

ठसे माझ्याही पायांचे होते.

मला तुम्ही. त्याला तू.

अशा दारांत मी आयुष्यभर ‘ए’ ऐकलं होतं. ‘ए वायरवाला’. त्या एका ‘तुम्ही’ने माझी मान ताठ झाली. लाज वाटते, पण खरं सांगतो, मला बरं वाटलं.

“वसंता, पूस.”

तो उतरला. “भाऊ, तू सांगतोयस?”

“पूस म्हटलं ना. आणि साहेबांची माफी माग.”

“कशाची?”

मी फरशीकडे बोट केलं.

“ड्रिलची धूळ रोज मीच पुसतो, भाऊ. काम संपलं की. पण माझे पाय उमटले म्हणून नाय पुसणार.”

ड्रिल भिंतीला टेकवून ठेवलं. चपला हातात घेतल्या. जिन्याने गेला.

फरशी मी पुसली. गळ्यातल्या रुमालाने, गुडघे टेकून. साहेब म्हणाले, “राहू द्या हो, तुम्ही कशाला.” पण पुसून होईपर्यंत तिथेच उभे होते. मग मी पांढरी पट्टी चिकटवली. आत लाल केबल. वरून छान दिसत होती.

संध्याकाळी ठेकेदाराने विचारलं, वसंता कुठंय. मी म्हटलं, “पिऊन आला होता. हाकलला.”

जीभ अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी भोंग्याची चाचणी. त्याच केबलवर पुढे, मागच्या जिन्यात, आणखी एक भोंगा होता. साहेबांकडे काम करणाऱ्या मावशी तिथे कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, “भाऊ, ह्ये रातचं बी वाजल ना? आमी तिघीजणी हितंच निजतो.”

“वाजेल,” मी म्हणालो.

“मग बरं.”

त्यांनी विश्वास ठेवला. पुन्हा कपडे वाळत घालायला लागल्या. मी चार मजले उतरलो आणि मला पुढे जाताच येईना. परत वर चढलो. पट्टी ओरबाडून काढली. पिशवीतून स्टीलच्या क्लिपा काढल्या आणि साहेबांच्या दारासमोर एकेक ठोकायला लागलो. दार उघडलं.

“काय करतोयस तू? तुला कोणी सांगितलं?”

एका दिवसात मी तू झालो. आणि त्या दारात पहिल्यांदा मला धड श्वास घेता आला.

“लाल दिसणार, साहेब,” मी म्हटलं. “मागे माणसं झोपतात.”

ठेकेदाराने मला त्याच दिवशी काढलं. क्लिपा राहिल्या की मागून कुणी पुन्हा पट्टी मारली, मला माहीत नाही. आजही आगीचा बंब त्या दिशेने गेला की मी कान देऊन बसतो.

इथे थांबलो असतो तर माझी गोष्ट बरी दिसली असती. पण वसंताबद्दलचं ते वाक्य मी मागे घेतलं नाही. ते ठेकेदाराकडून कामगारांत गेलं, कामगारांकडून चाळीत. वसंता शनिवारी घ्यायचा. आम्ही सगळेच घ्यायचो. कामावर कधी नाही. पण शनिवार सगळ्यांनी पाहिला होता, म्हणून खोटं चिकटलं. पिणाऱ्याला शिडीवर कोण चढवणार? शेवटी तो लालबागला मसाल्याच्या दुकानात पोती उचलू लागला. कुणी टोमणा मारला की म्हणायचा, “भाऊला विचारा.”

लोक मला विचारायचे. मी हसायचो.

साहेबाच्या दारात मी उभा राहिलो. वसंताच्या दारात कितीदा गेलो. तो म्हणायचा, “ये, बस.” त्याची बायको चहा टाकायची. आम्ही पाण्याबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो. मी उठून यायचो.

गेल्या वर्षी वसंता गेला. त्याला साखरेचा आजार होता. दहाव्याला कुणीतरी म्हणालं, “बाटलीने खाल्ला.” त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे बघत राहिलो.

येत्या रविवारी चाळीत पुनर्विकासाची सभा आहे. सगळे असतील, वसंताची बायकोही असेल. मी उभा राहणार आहे. कुणी खाली बसवलं तरी पुन्हा उभा राहीन, आणि ती काय बोलेल ते ऐकून घेईन. चाळ पाडण्याआधी चाळीतलं हे खोटं पाडायचं आहे.

पण ही काही माफी नव्हे. माफी वसंतापुढे मागायची होती. त्याच्या खोलीत ती दरवेळी ओठांशी यायची आणि चहाबरोबर खाली जायची. एवढीच होती. वसंता, तू प्यायला नव्हतास. मी खोटं बोललो. मला माफ कर.