चूक उभ्याने, बातमी बसून

आमच्या वहिनीला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. ती सगळ्यांची 'बातम्यांवाली'. भाजी घ्यायला गेली की भाजीवाली वजन करता करता विचारणार, "आज काय विशेष?" आणि वहिनी अशी वस्ताद, की "संध्याकाळी बघा" म्हणून पिशवी पुढे करणार. फुकटात बातमी द्यायची नाही, हा तिचा बाणा. मी तिची नणंद. ती कॅमेऱ्याच्या पुढे, मी मागे. ती बोलणार आणि मी तोंड मिटून उभी राहणार, असली नोकरी कुठल्याच नणंदेच्या वाट्याला येऊ नये. दादा म्हणतो, "घरात तुमचं पाच मिनिटं पटत नाही, तिथे कसं पटतं?" त्याला काय सांगणार. तिथे मला बोलायची बंदी आहे ना, म्हणून पटतं.

आमचं चॅनेल म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. केबलच्या मालकाने सिनेमे दाखवायला गावभर वायर टाकल्या, त्यात एक चॅनेल रिकामा राहिला, म्हणून बातम्या सुरू केल्या. मागे निळा पडदा, पुढे शाळेने भंगारात काढलेलं टेबल. खाली टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला की खोली थरथरते. मग मी टाच आपटते. टायरवाला पंप बंद करून गिऱ्हाइकाला सांगतो, "थांबा जरा, वर बातम्या चालल्यात." आणि गिऱ्हाईक थांबतं, कारण त्यालाही ऐकायच्या असतात. आमच्या बातम्या थेट जातात. तोंडातून निघालं ते गावात पोचलं.

मोठ्या चॅनेलवाल्यांना आम्ही नावं ठेवत नाही. ते जगाचं सगळं सांगतात. पण आपल्या गल्लीतला रस्ता उद्या खणणार आहेत, दवाखान्यातली लहान मुलांची डॉक्टर रजेवर गेलीय, कुणाचे वडील फिरायला गेले ते घर विसरलेत आणि अंगात निळा स्वेटर आहे, हे कोण सांगणार? ते वहिनी सांगते. स्वेटरवाले आजोबा आमच्या बातम्या संपायच्या आत घरी आले होते, पोहोचवणारा माणूस हातातला घास टाकून निघाला होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता चुकाही झाल्या. काम करणाराच चुकतो, बसून खाणाऱ्याची कसली चूक. सुरुवातीला वहिनीने एका न्हाव्याला जिवंतपणी मारलं. दोघे भाऊ, दोघेही न्हावी, दोघांची दुकानं एकमेकांना लागून. गेला थोरला, आणि वहिनीने फोटो दाखवला धाकट्याचा. धाकटा तेव्हा एकाची दाढी करत होता, समोर टीव्ही चालू. आपल्याच निधनाची बातमी ऐकून त्याचा वस्तरा हातात तसाच राहिला आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठून पळालं.

मालक म्हणाला, "उद्या खाली पट्टीवर दोन शब्द टाकू, कुणाच्या लक्षातही येणार नाही." तेवढ्यात फोन वाजला. फोनवर आमच्या शाळेतल्या बाई. बाई कधीच्या निवृत्त झाल्यात, पण अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेत, वहिनीचेसुद्धा. बातम्या संपल्या की त्यांचा फोन ठरलेला. कुठला शब्द चुकला, कुठे घाई केलीस, केस नीट विंचरत जा. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "माझ्या वर्गात चुकलेलं मूल काय करायचं?"

"उभं राहायचं, बाई."

"मग?" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठळक बातम्यांच्याही आधी वहिनी टेबलामागे उभी राहिली. मी घाबरून कॅमेरा वर केला. तिने न्हाव्याची, त्याच्या घरच्यांची माफी मागितली, कोण गेलं ते नीट सांगितलं आणि मग बसून बाकीच्या बातम्या वाचल्या. तेव्हापासून तो नियमच झाला. चूक उभ्याने, बातमी बसून. ती उभी राहिली की हॉटेलात पेले वाजायचे थांबतात. आणि खरं सांगते, ती उभी राहते म्हणूनच ती बसून बोलते त्यावर गावाचा विश्वास आहे.

या बाईंचा एकुलता एक मुलगा म्हणजे पालिकेच्या पाणी खात्याचे साहेब. आता पुढचं ऐका.

मोठ्या रस्त्यापलीकडच्या वस्तीतून फोन आला की नळाला घाण वासाचं पाणी येतंय आणि मुलांना जुलाब लागलेत. आम्ही दोघी गेलो. दोन गल्ल्या बघून झाल्या तोवर बातम्यांची वेळ झाली, पळत परत आलो. वहिनीने सांगितलं, "या दोन गल्ल्यांत नळाला घाण पाणी येतंय. पाणी उकळून प्या." बस, एवढंच. कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब हजर. शेजारच्या मालकाच्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि वहिनीला समोर उभं केलं.

"पाणी स्वच्छ आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही लोकांना घाबरवताय. तुमची ती पद्धत आहे ना, उभं राहून चूक सांगायची? आज उभ्या राहा आणि सांगा."

"तुम्ही वस्तीत जाऊन आलात का साहेब?"

"मला जायची गरज नाही. मी खातं चालवतो."

मग त्यांनी मालकाकडे बघितलं. मालकाच्या सगळ्या वायर पालिकेच्या खांबांवरून गेल्यात. साहेबांनी ते बोलूनसुद्धा दाखवलं नाही, नुसतं खिडकीबाहेरच्या खांबाकडे बघितलं. मालकाचा चेहरा पडला. वाईट माणूस नाही हो तो, पण त्याचं पोट त्या खांबांवर टांगलंय.

साहेब गेल्यावर तो हात जोडायचाच बाकी राहिला. "दोन वाक्यं, वहिनी. उभं राहायचं, दोन वाक्यं म्हणायची, बसायचं. कुणाचं काय जातंय?"

वहिनी शांतपणे म्हणाली, "खोटं बोलायला एकदा उभी राहिले, की पुढे खरं सांगायला उभी राहीन तेव्हा कोण ऐकेल? माझ्याकडे दुसरं आहे काय? तुमचं ते निळं फडकं?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण वहिनी पुढे म्हणाली, "चूक असेल तर मात्र राहीन उभी. आधी परत बघून येते." आणि माझ्याकडे वळून, "चला वन्सं." ती मला वन्सं म्हणाली आणि अहो-जाहोवर आली की समजायचं, आता हिच्या वाटेला जाऊ नये.

या खेपेला आम्ही भर दुपारी अख्खी वस्ती पालथी घातली. दारोदार जायचं, नळ सोडायला सांगायचं, वास घ्यायचा. माझी चप्पल तुटली, वहिनी थांबली नाही. शेवटच्या गल्लीत एक बाई दारात बसली होती, मुलगी दवाखान्यात, सलाईन लावलेलं, ही डबा न्यायला घरी आलेली. साहेबांच्या घरी स्वयंपाकाला जाणारी तीच. म्हणाली, "तिथे भिंतीवर पाणी गाळायचं मशीन आहे. मी त्यातलंच पाणी पिते दिवसभर. पोरीला कुठून आणू?" तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र असा संताप आला, की मी वाटेतल्या एका निष्पाप बादलीला लाथ मारली.

परत येताना मी विचारलं, "मग चूक झाली होती का आपली?"

"झाली होती," वहिनी म्हणाली.

संध्याकाळी साहेब मालकाच्या खोलीत येऊन बसले, समोर टीव्ही, हातात चहा. मी टाच आपटली, खालचा पंप बंद झाला. लाल दिवा लागला आणि वहिनी उभी राहिली. दाराच्या फटीतून मला साहेबांचं समाधान पावलेलं तोंड दिसत होतं.

"काल आम्ही सांगितलं की मोठ्या रस्त्यापलीकडच्या दोन गल्ल्यांत घाण पाणी येतंय," वहिनी म्हणाली. "ते चुकीचं होतं. त्याबद्दल मी माफी मागते."

साहेबांनी चहाचा घोट घेतला.

"घाण पाणी पलीकडच्या सगळ्या वस्तीत येतंय. आम्ही दोनच गल्ल्या बघितल्या आणि दोनच सांगितल्या. बाकीचे लोक आमच्या भरवशावर ते पाणी प्यायले. कमी सांगितलं, ही आमची चूक. कृपा करून पाणी उकळूनच प्या. पालिकेचं म्हणणं आहे की पाणी स्वच्छ आहे. पालिकेने अजून वस्तीत येऊन बघितलेलं नाही."

मग ती बसली आणि हवामान वाचलं. पलीकडे कपबशी आदळल्याचा आवाज आला. त्या दिवशी बाईंचा फोन आला नाही. एरवी त्या फोनचा मला वैताग यायचा, पण त्या दिवशी मी त्याची वाट बघत बसले.

सकाळी पालिकेची शिडीची गाडी निघाली. खांबाखांबावरच्या वायर कचाकच कापल्या, 'विनापरवाना' म्हणे. इतकी वर्षं परवाना काय झोपला होता? अख्ख्या गावाचे टीव्ही काळेठिक्कर. मालक डोकं धरून बसला. घरी दादा म्हणाला, "झालं समाधान? आता स्वयंपाकघरात वाच बातम्या." वहिनी म्हणाली, "वाचीन. तू ऐकशील का?"

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळेला निघाली. मी म्हटलं, "अगं कुणासाठी?" तर म्हणाली, "टायरवाल्याची वायर जिन्यातून गेलीय. जिना काही पालिकेचा नाही." आणि खरंच, खालच्या दुकानातला एकुलता एक टीव्ही चालू होता. आधी चार टाळकी होती, मग दुकान भरलं, मग लोक टायरांवर चढून बसले. बातम्या संपल्यावर टायरवाला तोंडातली काडी काढून म्हणाला, "शेजारी शिंप्याची गच्ची आहे. माझ्याकडून तिकडे वायर न्या. गच्ची काय साहेबांच्या बापाची आहे?"

एवढंच पाहिजे होतं. मालकाच्या अंगात जीव आला. सकाळपासून गच्चीवरून गच्चीवर वायर निघाली. शिंप्याने दिली, न्हाव्याने दिली, तोच तो, आम्ही मारलेला. म्हणाला, "एकदा मारलंत ते मारलंत, पण उभं राहून जिवंतही केलंत." लोकांनी कपडे वाळत घालायच्या तारा सोडून दिल्या, पाण्याच्या टाक्यांना वायर बांधली. पालिकेची गाडी खाली रस्त्यावर उभी होती. खांब त्यांचे, गच्च्या आमच्या, वर बघण्यापलीकडे करणार काय?

पण वायर मोठ्या रस्त्याशी येऊन थांबली. पलीकडे वस्ती, जिथे बातमी सगळ्यात जास्त हवी. रस्ता ओलांडायचा तर पलीकडे उंच घर पाहिजे, आणि उंच घर एकच. साहेबांचं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मालक म्हणाला, "जाऊ दे, झालं तेवढं पुष्कळ." वहिनीने वायरचं भेंडोळं खांद्यावर घेतलं आणि सरळ रस्ता ओलांडला. मी मागे.

बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. साहेब जेवायला घरी आले होते, ते शेजारच्या खुर्चीत. आम्हांला बघून ते म्हणाले, "आता इथेही आलात?"

वहिनीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. "बाई, गच्चीवरून वायर न्यायची होती. पलीकडे बातम्या पोचत नाहीत."

बाईंनी चष्मा पुसला. "माझी स्वयंपाकीण आज आली नाही. तिची मुलगी दवाखान्यात आहे. कशाने, ते मला तुझ्या बातम्यांतून कळलं. माझ्याच घरात भाजी चिरणाऱ्या बाईची बातमी मला टीव्हीवरून कळावी?" मग त्या मुलाकडे वळल्या. "गेला होतास वस्तीत?"

"आई, हा ऑफिसचा विषय आहे."

"गेला होतास का?"

"नाही."

"घर माझ्या नावावर आहे," बाई वहिनीला म्हणाल्या. "जिना आतून आहे. गच्चीची कडी जरा जोर लावून उघड." आणि मुलाला, आवाज न चढवता, "तू उभा राहा."

साहेब म्हणाले, "आई, लोक बघतायत." खरंच बघत होते, रस्त्यापलीकडच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. बाई नुसत्या थांबल्या. वर्गात थांबायच्या ना, तशा. साहेब उभे राहिले.

त्या संध्याकाळी वायर पलीकडे पोचली होती. टेबलामागे दोघं होती. वहिनी बसलेली, आणि साहेब तिच्या शेजारी उभे. मी टाच आपटली, पंप बंद झाला, लाल दिवा लागला. मला कॅमेरा नेहमीपेक्षा बराच वर घ्यावा लागला. साहेब वहिनीपेक्षा उंच आहेत.