हापशासाठी औंढ्याला पायी

जिल्हा नवा झाला, हापसा मोडकाच राहिला. शिरड शहापूरच्या आमच्या वस्तीतल्या बाया वर्षभर दुसऱ्यांच्या विहिरींवर हात जोडून पाणी मागत होत्या. पाणी हा हक्क आहे, उपकार नव्हे, असं मी पत्रकात छापलं होतं. पत्रक कुणी वाचलं नाही. मग ठरलं, औंढ्याला पायी जायचं आणि पाण्याच्या साहेबाला कचेरीतच गाठायचं.

मला दोन रांगा हव्या होत्या, घोषणा हव्या होत्या. बाया निघाल्या त्या गप्पा मारत, सडकभर पसरून. मजुरी आणि मयत सोडून या सडकेनं त्या कधी चालल्याच नव्हत्या. पहिल्याच घोषणेच्या मध्यात माझी काकू बोरीकडं वळली.

"काकू, आपण मोर्च्यात आहोत."

"व्हय की. मोर्च्यात बोरं खाऊ न्हाई असं छापलं काय तुह्या कागदात?"

पुढं एका शेतकऱ्यानं हरभऱ्याचे ढाळे उपटून दिले. सोलत सोलत बायांनी साहेबावर गाणं रचलं. ते छापण्यासारखं नव्हतं, पण माझ्या घोषणांपेक्षा खणखणीत होतं. ऊन कोवळं होतं, दोन्हीकडं ज्वारी उभी होती. मीही गायला लागले.

औंढ्यात पोचलो तर साहेब जीपमध्ये बसलेले. म्हणाले, "उद्या या."

मी भाषणाला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूनं जीपसमोर फतकल मारली. मागोमाग सगळ्याच बसल्या आणि एकमेकींचे पाय दाबायला लागल्या.

"बाई, वाट सोडा."

"सोडतो की साहेब. पाय भरून आले, उठवत न्हाई. तुमी बसा निवांत."

ड्रायव्हरनं हसू दाबत इंजिन बंद केलं. बराच वेळ गेल्यावर साहेबांनी चहाच्या टपरीवरून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, "उद्या सकाळी जातो."

"उद्या काहून?" काकू म्हणाली. "जीप हाय की."

साहेब खाली उतरले. मिस्त्री, त्याची अवजारं, काकू आणि दोन म्हाताऱ्या जीपमधून गेल्या. बाकीच्या आम्ही एका टेम्पोत उभ्यानं गात आलो. वस्तीत दिवस मावळत होता आणि हापशाखाली लेकरं चिंब भिजून नाचत होती.

तासाभराचं काम, आणि वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं. संतापायलाच हवं होतं. मी आधी पोटभर पाणी प्यायले.