कुंडलीताई आणि दादाची लॉन्ड्री

कुंडलीताईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कचऱ्याच्या डब्यात वाकून फाटके हातमोजे उचलत होती. "फाटून फेकलेत की कंटाळून, ते बघतेय," ती म्हणाली. मी साहित्याचा पदवीधर. तिच्या अहवालांची भाषा नीट करायला मला घेतलं होतं.

तिचं काम असं: एखादी वस्तू कशापासून बनली, कुठून आली, किती वापरली गेली, शेवटी कुठे गेली, हे सगळं मोजायचं. प्रत्येक टप्प्याला पाणी किती, इंधन किती, धूर किती. मग दोन वस्तू शेजारी ठेवून सांगायचं, यातली कुठली पृथ्वीला कमी जड. वस्तूची जन्मापासून राखेपर्यंतची कुंडली मांडते, म्हणून ऑफिसनं हे नाव ठेवलं. तिला ते आवडत नाही. हाक मारली की मात्र ओ देते.

एकदा एका हॉस्पिटलचं काम आलं. ऑपरेशनच्या वेळी घालायचे झगे कापडी, धुऊन वापरायचे ठेवावेत, की एकदा वापरून फेकायचे आणावेत? कापडी झगे धुणारी लॉन्ड्री ताईच्या थोरल्या भावाची. हॉस्पिटल सुटलं असतं तर लॉन्ड्रीला कुलूपच.

पहिल्याच बैठकीत ताईनं सांगून टाकलं, "लॉन्ड्री माझ्या सख्ख्या भावाची आहे. दुसरं कुणी बघा."

"छे, छे," हॉस्पिटलच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "घरचं माणूस बरं. माहिती लवकर मिळते."

दादा खुशीत होता. "परीक्षक आपलीच," तो म्हणाला. "आता पेपर सोपा."

पेपर खरंच सोपा होता. एका धुण्याला ऊर्जा किती लागते याचे तयार आकडे आमच्याकडे असतात. त्यावर कापड सहज जिंकत होतं. मी वाक्यं घासायला घेतली होती. ताईनं आकडा खोडला.

"हे भरलेल्या मशीनचं गणित आहे. दादाचं मशीन कधीच भरलेलं नसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही लॉन्ड्रीत गेलो. ओली फरशी, वाफेनं घाम सुटलेल्या भिंती, बॉयलरची धडधड. प्रत्येक वॉर्डाचे कपडे वेगळे धुवायचे, ही वडिलांनी घालून दिलेली पद्धत. लहान मुलांच्या वॉर्डाचे तर कशातच मिसळायचे नाहीत. त्यामुळे मूठभर झग्यांसाठी अख्खं मशीन फिरत होतं.

"दादा, पाणी सगळ्यांना सारखंच उकळतं. जंतू वॉर्ड विचारून मरत नाहीत."

"बाबांची पद्धत आहे."

"बाबांचं मशीन केवढंसं होतं!"

"मी लग्न झाल्यापासून हेच सांगतेय," वहिनी इस्त्रीवरून म्हणाली. "पण मी पडले परकी."

ताईनं नवं गणित मांडलं. कापड हरलं.

"ताई, मशीन भरलेलं धरलं असतं तर कुणाला कळलं असतं?" मी विचारलं.

"कुणाला नाही," ती म्हणाली. "ते दशांशचिन्ह जरा ठळक कर."

अहवालात दोन ओळी गेल्या. आज आहे तसं चाललं तर कापड हरतं. मशीन भरून चालवलं तर जिंकतं. दादानं तो वाचला, "घरभेदी" एवढंच म्हणाला आणि तिच्याशी बोलणं टाकलं. समिती मात्र खूश झाली. दोन उत्तरं असल्यामुळे प्रत्येकाला आपलंच खरं वाटलं. ठरलं ते असं: मशीन भरून चालणार असेल तर कापड ठेवू. कुणीतरी जाऊन बघून या.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. "मी बहीण आहे," ती म्हणाली. मग मला पाठवलं.

दादा मशीन भरत होता. सगळ्या वॉर्डांचे कपडे एकत्र. शेवटी मुलांच्या वॉर्डाचं गाठोडं हातात घेऊन तो थांबला. ड्रममध्ये तेवढीच जागा उरली होती.

"बाबा असते तर..."

"बाबा असते," वहिनी म्हणाली, "तर त्यांनीही लेकीला शिव्या घालत मशीन भरलंच असतं."

दादानं गाठोडं आत टाकलं. दार लावलं. बराच वेळ काचेतून आत बघत राहिला.

"लिही, भरलं म्हणून," तो मला म्हणाला. "आणि तिला सांग, रविवारी जेवायला ये. मी बोलणार नाहीये. पण ये."