मास्तरांचं वाकडं हँडल

सात रस्त्याच्या चौकात सायकली दुरुस्त करणारे शिवशरणअप्पा मूळचे मंद्रूपचे. बावीस वर्षांत त्यांनी मापाला कधी टेप लावली नाही. गिऱ्हाइकाचं कोपर सीटच्या टोकाला टेकवायचं, बोटं हँडलला पोचली की माप जमलं. अप्पांनी बसवलेल्या हँडलनं पाठ दुखली, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शाळेतल्या कमलाकर मास्तरांनी रेसिंगचं वाकडं हँडल बसवून घेतलं आणि अप्पांचं डोकं उठवलं. दर सोमवारी मास्तर हजर. "अप्पा, पाठ मोडली हो. हँडल पुन्हा खाली गेलं." अप्पा ते वर करायचे, दात-ओठ खात नट आवळायचे. आठ दिवसांत हँडल मान टाकून परत दुकानात!

पाचव्या सोमवारी अप्पांनी पाना आपटला. "मास्तर, खरं सांगा, ह्या हँडलला करता तरी काय तुमी?"

"पाण्याचे डबे अडकवतो," मास्तर निवांतपणे म्हणाले. "विहिरीवरून रोज चार खेपा. सरळ हँडलवरून डबे घसरायचे, ह्या वाकड्यात झकास बसतात. त्यासाठीच तर घेतलं की!"

"मग माझ्याकडनं कोपर कशापायी मोजून घेतलं?"

"तुम्हीच मोजलंत. मी म्हटलं, तुमची पद्धत असेल."

अप्पांनी सायकल मास्तरांच्या अंगावर ढकलली. "जावा, डबे भरून आणा. सायकल त्यांची हाय, माप बी त्यांचंच घेतो!"