तयार झालेला हात

गल्लीत त्यांना सगळे इस्त्रीकाकू म्हणत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, त्यावर जुन्या चादरींचे जाड थर, भिंतीला खुंट्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत काका. काका कपडे गोळा करायचे, घड्या घालायचे आणि गिऱ्हाइकांशी गावभरच्या गप्पा मारायचे. इस्त्री मात्र काकूंची. त्यांच्या हाताखालून गेलेला शर्ट घातला की बेकार माणूसही साहेब दिसायचा.

काकूंचं दुखणं उजव्या खांद्यात होतं. मानेच्या मागून निघायचं, खांद्यावर मुक्काम करायचं आणि दंडातून खाली उतरायचं. "आत कुणीतरी ओली चादर पिळत बसलंय," असं त्या सांगत. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, म्हणून शिंक येतेय असं वाटलं की त्या टेबलाची कड घट्ट धरून उभ्या राहायच्या. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असं म्हणतात. काकूंचा आला तोच मुंगीच्या पावलांनी, त्यामुळे तो नक्की कधी आला हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. डॉक्टरांना नेमकं तेच हवं असायचं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि हाडं उत्तम आहेत म्हणून अभिनंदन केलं. वर गळ्यात पट्टा घालायला दिला. "जन्मभर लोकांच्या कॉलरी कडक केल्या, आता माझीच कॉलर ताठ झाली," असं म्हणत काकू महिनाभर त्या पट्ट्यात वावरल्या. दुखणं तिथल्या तिथे. दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. तिसऱ्यांनी मन रमवायला सांगितलं. डॉक्टरांचं एक बरं असतं, रिपोर्ट नॉर्मल आला की त्यांच्यापुरतं दुखणं संपतं. घरातही हळूहळू तेच झालं. रोज मरे त्याला कोण रडे! काका वाईट नव्हते, मुलगाही वाईट नव्हता. पण काकू "आई गं" म्हणाल्या की दोघांची मान वळायची थांबली, ही गोष्ट खरी. काकूंना खांद्यापेक्षा ती न वळणारी मान जास्त लागायची.

मग नात झाली.

नात झाली आणि त्या दुखण्याला पहिल्यांदाच काहीतरी हिरावून घेता आलं. पहिल्याच आंघोळीला काकू पदर खोचून पुढे झाल्या, तर सून बाळाला छातीशी धरून मागे सरकली.

"आई, रागावू नका. पण तुमच्या हातात मध्येच कळ आली आणि बाळ निसटलं तर?"

इतकी वर्षं दुखतंय म्हणून सांगितलं ते कुणी मानलं नव्हतं, आणि मानलं ते असं. त्या दारात उभ्या राहून आंघोळ बघायच्या. सून आधी टबात कोपर बुडवायची, मग मनगट, मग पुन्हा कोपर.

"बाई गं, दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पितेस की तू!" काकू चिडवायच्या. सून हसायची, पण बाळ काही द्यायची नाही. काकू टेबलाशी परत यायच्या आणि झबली इतकी कडक इस्त्री करायच्या की सुनेला ती चुरगाळून मऊ करावी लागत.

त्याच सुमारास घरात एक कौतुकाची गोष्ट घडायला लागली. काकूंना चटके बसेनासे झाले. त्यांना हा धंदा सासूने शिकवला होता, आणि सासूचं एक ठरलेलं वाक्य होतं: हात तयार झाला की चटका लागत नाही. नवी नवरी असताना बोटांना फोड आले, रडू आलं की सासू तेच ऐकवायची. इतक्या वर्षांनी ते खरं झालं होतं. काकू शेगडीवरचं पातेलं उघड्या हाताने उतरवायच्या. चहाचा नुकता ओतलेला पेला मुठीत धरायच्या. काका गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे, "हे बघा, लोखंडी हात!" एकदा करंगळीवर टपोरा फोड दिसला. कधी आला, कशाने आला, काकूंना आठवेना. नव्या साबणाने आला असेल म्हणून त्यांनी सुईने फोडून टाकला. सुईसुद्धा टोचली नाही. सून तेवढी त्या बोटाकडे बघत राहिली.

मुलाने आणखी एका डॉक्टरांचं नाव काढलं. नसांच्या डॉक्टर. या बाईंनी घाई केली नाही. मान वळवायला लावली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, मग कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला.

"कळतंय?"

"कळतंय की."

"आणि गरम, थंड? हाताला नीट समजतं ना?"

काकू मनापासून हसल्या. "डॉक्टरीणबाई, मी इस्त्रीवाली आहे. आमच्या हाताला काय गरम आणि काय थंड! हात तयार झालाय माझा."

बाईही हसल्या. पुढे काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात काकूंनी शिंकेने कसा जीव जातो ते सांगायला घेतलं आणि तो प्रश्न तिथेच राहिला. मोठ्या मशीनमध्ये मानेचा फोटो काढून घ्या, असं मात्र त्यांनी बजावलं. नंबर लागायला वेळ होता.

नंबर लागायच्या आधीच दुखणं गेलं. एका सकाळी काकूंनी केस बांधायला हात वर केला आणि तो वर गेला, बिनबोभाट. त्या तशाच उभ्या राहिल्या. मुद्दाम खोकून पाहिलं. काही नाही. दिवसभर, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर, काही नाही. मुंगीच्या पावलांनी आलेलं दुखणं मागे वळूनही न बघता गेलं होतं. काका म्हणाले, "मशीनला घाबरून पळालं!" मुलाने नंबर रद्द केला. काकू न्हाणीघरात जाऊन एकट्याच रडल्या, आनंदाने. आणि डोळे पुसून बाहेर आल्या त्या थेट सुनेसमोर.

"आता तरी?"

सुनेला नाही म्हणता आलं नाही.

काकूंनी टब स्वतः धुतला. नळ सोडला. हवेत गारठा होता, आरशावर वाफ धरली. ती त्यांना दिसली, पण ज्या हाताने जन्मभर कापडाची नस ओळखली तो हात सोडून आरशावर कोण विश्वास ठेवतो? त्यांनी उजवा हात पाण्यात घातला. पाणी लागलं. ओलं, मऊ, हलतं. ना गरम ना गार.

"गार पडतंय गं हे," त्या म्हणाल्या आणि गरम पाण्याचा नळ आणखी फिरवला. हात तसाच पाण्यात ठेवला, बाळाच्या डोक्याखाली धरायला तयार. "आण माझ्या राणीला."

सुनेने बाळ पुढे केलं. बाळाने आजीकडे बघून पाय झाडले. टाच पाण्यापासून वीतभर राहिली असेल, तेव्हा सवयीने, केवळ सवयीने, सुनेचं कोपर आधी टबात गेलं.

ती किंचाळली. बाळाला छातीशी आवळून ती भिंतीवर आदळली आणि बाळ घाबरून रडायला लागलं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. त्या टबाशी वाकूनच होत्या.

"आई, हात काढा! आधी तो हात काढा!"

काकूंनी खाली पाहिलं. मग हात बाहेर काढला. मनगटापर्यंत तो लालभडक झाला होता आणि बोटांवरची कातडी सैल पडली होती. त्या त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसं बघत राहिल्या. काका आणि मुलगा धावत आले. मुलाने तो हात गार पाण्याच्या धारेखाली धरला.

"आई, दुखतंय का? खूप दुखतंय का गं?"

किती वर्षांनी कुणीतरी हे विचारलं होतं.

"नाही रे," काकू म्हणाल्या. "अजिबात नाही."

यावर मात्र सगळ्यांचा ताबडतोब विश्वास बसला. काका तिथेच दाराला टेकून खाली बसले. सून बाळाची टाच पुन्हा पुन्हा तपासत होती. टाच कोरडी होती, गोरी होती, पण तिचं तपासणं थांबेना. काकूंनी नातीकडे पाहिलं. डावा हात त्यांनी हळूच उजव्या खांद्यावर नेला. ती जुनी जागा चाचपली. दाबून पाहिली. मग पुन्हा, कळ यावी म्हणून जोर लावून दाबली.