बिनजाळीची शेगडी

नाशिकच्या थंडीचा नाशिककरांना फार अभिमान आहे. पारा किती उतरला हे ते परगावच्या नातेवाइकांना मुद्दाम फोन करून सांगतात. मात्र त्या थंडीसाठी घरात काही सोय करावी, असं कोणाला वाटत नाही. कपाटातले स्वेटर निघतात, सकाळी फिरायला जाणारे कानटोप्या घालतात आणि संक्रांत उलटली की सगळं पुन्हा कपाटात जातं. त्यामुळे घर ऊबदार ठेवणारी शेगडी घ्यायला मी निघालो, तेव्हा इंदिरानगरातल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "सिमल्याला बदली झाली का?" मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

शेगडी आमच्यासाठी नव्हती, सासूबाईंसाठी होती. त्या हरसूलजवळच्या एका पाड्यावर राहतात. घर कुडाचं, मधे चूल, आणि हिवाळ्यात झोपायचं ते चुलीभोवती. त्यांचं वय त्यांच्या कुठल्याही दोन कागदांवर सारखं नाही, पण ते जेवढं काही असेल तेवढी वर्षं त्यांनी त्या चुलीचा धूर छातीत घेतला. त्या वर्षी दिवाळीपासून खोकला थांबेना. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. धूर बंद, आणि थंडी लागता कामा नये. कुडाच्या घरात या दोन्ही अटी एकदम पाळायला डॉक्टरांनाच तिथे राहायला न्यावं लागलं असतं.

तसं पाहिलं तर उपाय अंगणातच उभा होता. बायकोने तिच्या शाळेच्या नोकरीतून आईसाठी पलीकडे दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं होतं. फरशी, खिडक्या, पलंग, सगळं होतं. सासूबाई त्यात धान्य ठेवत आणि सरकारी माणूस आला तर त्याला बसवत. झोपायला काही जात नसत.

"तिथं विस्तव नाय," त्या म्हणत. "बिनविस्तवाच्या घरात जितं मानूस निजत नाय."

आम्ही पाड्यावर मुक्कामाला असताना खोकल्याची उबळ आली की बायको रात्रभर जागी राही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विनवणी करी. हा हिवाळा आई त्या धुरात काढणार का, एवढाच प्रश्न आमच्या घरात उरला होता. धुराडं असलेली शेगडी नव्या घरात बसवावी, ही कल्पना माझी. ती कोणी लगेच हाणून पाडली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक जण अशा शेगड्या करतो असं कळलं. पूर्वी तो खिडक्यांचे गज आणि फाटकं करायचा. आसपास रिसॉर्टं झाली, द्राक्षबागांत बंगले उठले, तसा तो शेगड्यांकडे वळला आणि 'कारखाना' शब्द जाऊन पाटीवर 'क्रिएशन्स' आलं. शेडच्या एका कोपऱ्यात काच लावून त्याने शोरूम केलं होतं. त्यात दोन शेगड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही काळ्या, चौकोनी, बुटक्या, दोघींना पुढे दार आणि मागे पाइप. एक मिनिट डोळे मिटून उघडले असते तर कोणती कोणती हे मला सांगता आलं नसतं.

"ही रॉयल," मालक म्हणाला, "आणि ही रॉयल प्लस."

"प्लस काय आहे हिच्यात?"

"फील," तो म्हणाला.

"आणखी?"

मग त्याने दाखवलं. प्लसच्या दाराला पितळी मूठ होती आणि मुठीवर सिंहाचं तोंड. आत तळाला लोखंडी जाळी होती. राख जाळीतून खाली पडे आणि एका कप्प्यात साठे. बँकेतला लॉकर उघडावा तसा त्याने तो कप्पा हळूच बाहेर ओढला. "अ‍ॅश मॅनेजमेंट," तो म्हणाला. साध्या रॉयलमध्ये जाळी नव्हती. तळाला भट्टीच्या विटा सपाट बसवल्या होत्या, बस्स.

मी घरी येऊन आठ दिवस वाचलं. वहीत तक्ता केला: उष्णता, हवेचा झोत, लाकूड किती लागतं, राख काढण्याची सोय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मखरांना आणि शालींना हसलेला माणूस मी, पण त्या जाळीपुढे हरलो. जाळीसाठी सिंहसुद्धा माफ केला. प्लस घ्यायची, असं मी जाहीर केलं.

"आयेला दाखवल्याशिवाय नाही," बायको म्हणाली.

"अगं, त्यांना चूल कळते. हे शास्त्र वेगळं आहे."

शाळा तपासायला आलेल्या साहेबांकडे ती ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

अंबडला शेडपुढे सासूबाई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या काखेत लुगड्याच्या फडक्यात बांधलेली वाळक्या लाकडांची लहानशी मोळी होती. शोरूममध्ये शिरून त्यांनी दोन्ही शेगड्यांभोवती एक फेरी मारली, सिंहाकडे जरा वेळ पाहिलं आणि मोळी सोडली.

"पेटव," त्या मालकाला म्हणाल्या.

"आजी, हे डिस्प्लेचे पीस आहेत. हे पेटवत नाहीत."

"मंग जळती का नाय कसं कळायचं?"

"सगळ्याच जळतात, आजी."

"कुनी बघितलं?"

मालकाने कारागिरांकडे पाहिलं. कारागिरांनी छताकडे पाहिलं. शेवटी चौघांनी मिळून दोन्ही शेगड्या शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत नेल्या. पाइप जोडले. सासूबाई दोन्हींच्या मधे जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि दोन्हींत सारखी लाकडं घातली.

दोन्ही उत्तम पेटल्या. धूर गुमान पाइपातून वर गेला. मालकाचा चेहरा खुलला, मी वही उघडली. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. ज्वाळा बघण्यात त्यांना रस नव्हता. लाकडं जळून निखारे होईपर्यंत त्या बसून राहिल्या. मग एका काटकीने प्लसमध्ये ढोसलं. निखारे जाळीतून टपटप खाली पडले.

"हितं विस्तव ऱ्हाईना," त्या म्हणाल्या.

"तेच तर फीचर आहे, आजी. राख खाली, वर सगळं क्लीन."

"राख काढून टाकायची?"

"हो."

"समदी?"

"सगळी."

सासूबाईंनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "तुज्या घरी चुली किती?"

"घरी गॅस आहे, आजी."

"मंग तुला सांगून काय उपेग."

त्या साध्या रॉयलकडे वळल्या. सपाट विटांवरचे निखारे त्यांनी मागच्या बाजूला गोळा केले, त्यांच्यावर राख ओढून थापली, आणि दार लावून टाकलं. "आता च्या पाजा," त्या म्हणाल्या.

चहा आला. एक झाला, दुसरा झाला. मालकाने आम्हाला एका रिसॉर्टचे फोटो दाखवले. त्यात परदेशी दिसणारं एक जोडपं रॉयल प्लससमोर हातात ग्लास घेऊन बसलं होतं. सासूबाईंनी फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "ही बाई उठून राख कवा काढती?" मालकाने फोन खिशात ठेवला.

चांगले दोन तास गेल्यावर त्यांनी आधी प्लसचा कप्पा ओढायला लावला. आत करडी राख आणि विझलेले काळे तुकडे होते. मग रॉयलचं दार उघडलं. वरची राख काटकीने बाजूला सारली, तर खाली निखारे लालभडक. त्यांनी वर दोन काटक्या ठेवल्या. फुंकायला त्यांना दम पुरेना, म्हणून लेकीला खूण केली. निवृत्त मुख्याध्यापिका धुळीत गुडघे टेकून फुंकू लागली. तिसऱ्या फुंकरीला जाळ झाला.

"ही," सासूबाई म्हणाल्या.

मी वहीकडे पाहिलं. 'राख काढण्याची सोय' या रकान्यात प्लसला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. विस्तव सकाळपर्यंत राखण्याचा रकानाच नव्हता. चौतीस वर्षं मी त्या घरी जातो आहे. रोज रात्री राखेखाली निखारे पुरताना आणि रोज सकाळी त्यांच्यावरच चहा होताना मी पाहिलेलं आहे. काडेपेटी वाचवतात, अशी माझी समजूत होती.

मालकाने शेवटचा प्रयत्न केला. "आजी, लोक प्लसच नेतात."

"न्यू दे."

"बरं, मग हिला सिंहाची मूठ लावून देतो. फ्री."

"तापंल ती. हात भाजंल. लाकडाची लाव."

त्याने आठवड्यात खरोखरच लाकडी मूठ लावून शेगडी पाड्यावर पोचवली, स्वतः येऊन भिंतीतून पाइप काढून दिला, आणि जाताना दारात थांबून मला हळूच म्हणाला, "सर, प्लसची जाळी काढता येईल अशी केली तर?" त्याच्याबद्दलचं माझं मत त्या दिवसापासून सुधारलं.

पण शेगडी बसली म्हणजे सासूबाई आल्या, असं नव्हतं. दोन दिवस ती नुसती उभी होती. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी काडेपेटी घेऊन पुढे झालो, तर त्यांनी हाताने मला बाजूला केलं. "थांबा, पाव्हणं." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी पाहुणाच आहे. त्या जुन्या घरात गेल्या आणि एका खापरात चुलीतला विस्तव घेऊन बाहेर आल्या. अंगण ओलांडताना वाऱ्याकडे पाठ करून त्या तिरक्या चालत होत्या. बायको दार धरून उभी राहिली. मी वहीतलं काही वाचून दाखवलं नाही.

विस्तव विटांवर ठेवून त्यांनी वर लाकडं रचली. खोली हळूहळू तापली. तेव्हा मात्र मी सांगितलं, की मामी, निजताना खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि पाइपाची झडप पुरती लावायची नाही, कोंडलेल्या निखाऱ्यांचा वायू वाईट असतो.

"घर तापवायचं बी आन वारा घ्यायचा बी," त्या म्हणाल्या. "लय शिकल्यात पाव्हणं." पण खिडकी उघडी ठेवली.

त्या रात्री त्या कुठे झोपणार हे आम्ही विचारलं नाही. बायकोने मला डोळ्यांनी गप्प केलं, आणि आम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन पडलो.

सकाळी उठून बाहेर आलो, तर जुन्या घरातून धूर निघत नव्हता. तिथली चूल रिकामी होती. तिची राख टोपलीत भरून ओट्यावर ठेवलेली होती, शेतात टाकायला. नव्या घरात पलंग होता तसाच कोरा. सासूबाई शेगडीसमोर फरशीवर घोंगडी टाकून बसल्या होत्या आणि काटकीने राख सारत होत्या. खोकला थांबला होता असं म्हणणं खोटं होईल. पण आम्हाला सकाळ होईपर्यंत त्याने उठवलं नव्हतं.

"आये, झोप लागली का?" बायकोने विचारलं.

सासूबाईंनी निखारे पुढे ओढले, वर चहाचं भगुनं ठेवलं आणि डोक्यावरचा पदर मागे सारला.

"उकडलं," त्या म्हणाल्या.