स्टिअरिंगखालचा देव

नवरा गेल्यावर मी सगळ्याच गोष्टींना 'बरं' म्हणायला लागले होते. शाळेत जास्तीचा तास दिला, बरं. शेजारणीने डब्यात भाजी आणून ठेवली, बरं. सुरतेहून दिराचा फोन आला, "वहिनी, रविवारी येतो. गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. आणि अक्काला आता इकडेच घेऊन येतो." त्यालाही मी बरंच म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की घरात उरलेलं एकुलतं एक माणूस मी देऊन टाकलं. लक्षात आलं, इतकंच. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही, कारण त्या दिवसांत वाटणं हा प्रकारच बंद होता. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. डोंबलाची खंबीर!

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. धरणगावच्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो. त्यांच्या डोळ्यांत दर महिन्याला धुळ्याला जाऊन इंजेक्शन घ्यावं लागायचं; ते चुकलं तर आहे ती नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईला भर उन्हात एसटीने आणणं काही खरं नव्हतं, म्हणून गाडी. दिराचं म्हणणं असं, की ही जुनी गाडी कधीतरी रस्त्यात बसणार, तेव्हा तुम्ही एकट्या काय करणार? यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. अक्कांना मात्र जायचं नव्हतं.

"माले नही जावानं सुरतले. तठे मना जीव लागस नही," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

मी म्हटलं, बरं.

गाडी नवऱ्याची. देवाबिवाच्या भानगडीत तो पडायचा नाही. पद्मालयच्या गणपतीला गेलो तरी आम्हाला पायऱ्यांशी सोडून हा गाडीतच पेपर वाचत बसणार. पण गाडी सुरू केली की पहिल्यांदा उजवा हात स्टिअरिंगच्या खाली, पार आत घालायचा आणि मग तोच हात छातीला लावायचा. अक्कांना याचं कोण कौतुक! देवळात हात न जोडणारा मुलगा गाडीला तरी नमस्कार करतो, यात त्या खूश. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा. तर हा गंभीर चेहरा करून म्हणाला, "हो ना अक्का, तिथे बसलाय माझा देव." चेष्टा करायची सवयच होती त्याला. अक्कांनी ते खरं मानलं आणि खरं सांगायचं तर मीही मानलं.

त्याच्या माघारी पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा मागच्या सीटवरून अक्का म्हणाल्या, "त्याना देवले हात लाव." मी लावला. आत बोटांना काहीतरी खरबरीत, चिकट लागलं. वाकून पाहिलं नाही. देव काही वाकून पाहायचा नसतो. मग हात छातीला लावला आणि निघाले. तेव्हापासून तेच चालू होतं. हिवाळ्यात धुळ्याला जाऊन यायला काही अडचण आली नाही.

वैशाखातल्या त्या दिवशी इंजेक्शन घेऊन आम्ही परत येत होतो. अक्का मागे, एका डोळ्यावर कापसाची पट्टी. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालेलं. एकाच बाजूने वाहतूक सोडत होते. आमच्या पुढे ट्रक, मागे ट्रक आणि रस्त्यावर झाड म्हणून नाही. एसी आधी कोमट हवा टाकायला लागला. मी पुढचा काटा पाहिला. इंजिन तापलं की वर चढतो तो काटा तळाशी निवांत पडून होता. म्हणजे सगळं ठीक. आणि काटा तळाशी असतानाच बॉनेटमधून वाफ यायला लागली.

मागच्या ट्रकवाल्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "ताई, बंद करा, गाडी उकळली!"

मी बंद केली. घाबरायला हवं होतं, पण घाबरले नाही. गाडी ढकलून कडेला लावली लोकांनी. जरा पुढे चहाची टपरी होती, तिथे अक्कांना बाकावर बसवलं. टपरीवाल्यानेच फोन करून पारोळ्याहून मेकॅनिक बोलावला.

मेकॅनिक तरणा होता आणि बोलका. त्याच्याकडे नवं स्कॅनर होतं आणि ते सगळ्यांना दाखवायची त्याला हौस. गाडी थोडी निवल्यावर त्याने रेडिएटरमध्ये पाणी भरलं, ऑइलमध्ये पाणी मिसळलं नाही ना ते पाहिलं आणि स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली.

"इंजिन तर थंड आहे, ताई. बावीस अंश. मशीन खोटं सांगत नाही. तुमचा रेडिएटर चोक झाला असेल, खोलावा लागेल."

मी शाळेत विज्ञान शिकवते. बावीस हा आकडा ऐकून मी इंजिनकडे पाहिलं, त्यावरची हवा अजून थरथरत होती. म्हटलं, "भाऊ, आज सावलीत तरी बावीस आहे का?"

त्याने इंजिनला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग स्कॅनरकडे असं पाहिलं, की मला दुसऱ्या वेळी हसू आलं असतं.

पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर छोटासा असतो, करंगळीच्या पेराएवढा. त्याचं पितळी टोक इंजिनच्या पाण्यात बुडालेलं असतं. पाणी तापलं की तो आतल्या कॉम्प्युटरला कळवतो, मग पंखा सुरू होतो, काटा वर चढतो. हाच खोटं सांगत असेल तर पुढचे सगळेच फसणार. इंजिन पुरतं निवल्यावर मेकॅनिकने सेन्सर खोलला. त्या भोकातून पाणी यायला लागलं तेव्हा अंगठा दाबून धरला आणि एक बूच बसवलं. टपरीवाल्याकडून पातेल्यात उकळतं पाणी घेतलं. सेन्सरला मीटरच्या दोन पिना लावून टोक पाण्यात धरलं. गरम पाण्यात गेल्यावर मीटरवरचा आकडा भराभर उतरायला हवा. तो जागचा हलेना. गार पाण्यात घातला, तरी तोच. पारोळ्याहून नवा सेन्सर मागवला. तो त्याच पातेल्यात घातला, तर आकडा सरसर खाली आला.

"हा मेला होता," मेकॅनिक जुना तळहातावर घेऊन म्हणाला. "आजचा नाही. बरीच वर्षं झाली असतील. मग इतके दिवस गाडी चालली कशी?"

ते त्याला स्वस्थ बसू देईना. नवा सेन्सर बसवून, कूलंट भरून झाल्यावर तो पंख्याच्या वायरमागे लागला. एक जादा वायर बॅटरीकडून निघून आत जात होती. तिच्या मागोमाग तो ड्रायव्हरच्या सीटपाशी आला, खाली वाकला आणि उजवा हात स्टिअरिंगच्या खाली, पार आत घातला.

टक् असा आवाज झाला आणि पुढे पंखा भणाणला.

"हे बघा! डायरेक्ट केलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात पुष्कळ जण करतात. सेन्सर बदलायचा कंटाळा, मग पंख्याला वेगळं बटण लावून द्यायचं. गाडी चालू केली की बटण दाबायचं. तुम्ही दाबत नव्हत्या का?"

"मी नमस्कार करत होते," मी म्हटलं.

तो खळखळून हसला. त्याला काय ठाऊक? हसता हसता त्याने बोटं पँटला पुसली. बटणावर गुंडाळलेल्या काळ्या टेपचा डिंक उन्हाने पाघळून त्याच्या बोटांना लागला होता. मी माझ्या कुर्त्याकडे पाहिलं. छातीवर तसाच काळा डाग होता. आणि मला नवऱ्याचे शर्ट आठवले. प्रत्येक शर्टाच्या खिशावर असाच डाग असायचा. मी तो पेनाच्या शाईचा समजून घासघासून काढायची आणि त्याच्यावर खेकसायची, "खिशात टोपण लावून पेन ठेवता येत नाही का?" तो म्हणायचा, "उद्यापासून ठेवतो."

नमस्कारबिमस्कार काही नव्हता. बटण दाबायचा आणि हात पुसायचा.

तेव्हा मला राग आला. तो गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी आलं, आणि आला तो राग. कानशिलं तापली. छातीत जळजळतं म्हणून हाच माणूस रोज जेवल्यावर सोडा प्यायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं, की "गॅस आहे गं, काही नाही." आणि गेला तो हार्ट अटॅकने. तिथेही त्याने बटणच लावून घेतलं होतं. काटा तळाशी म्हणजे सगळं ठीक. एक शब्द मला सांगितला असता तर काय बिघडलं असतं? असा राग आला, की समोर असता तर त्याला धरून गदागदा हलवलं असतं.

त्या रागातच मी सुरतेला फोन लावला. म्हटलं, "भाऊजी, रविवारी या, जेवायला या. पण गाडी द्यायची नाही. आणि अक्कांना जायचं नाहीये, त्या इथेच राहतील." पलीकडून दीर समजावत राहिला. मी ऐकून घेतलं, पण बरं म्हटलं नाही.

मेकॅनिकने विचारून ते बटण काढून टाकलं, वायरही काढली. ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. अक्कांना मागे बसवलं, गाडी सुरू केली आणि सवयीने माझा हात स्टिअरिंगखाली गेला. तिथे आता काही नव्हतं. तो तसाच छातीला लावला. अक्कांना काय सांगायचं, ते एरंडोल येईपर्यंत ठरेना. शेवटी सांगितलं नाही.

धरणगावला दारात गाडी उभी केली. मी किल्ली फिरवणार इतक्यात पुढून घूं असा आवाज सुरू झाला. पाणी तापलं होतं, नव्या सेन्सरने ते बरोबर कळवलं होतं आणि पंखा आपला आपण लागला होता.

मागे अक्का एकदम ताठ बसल्या. डोळ्यावर पट्टी बांधलेलं तोंड त्यांनी आवाजाच्या दिशेने केलं.

"तो हात लाये, आन् गाडी अशीच घूं करे," त्या म्हणाल्या. "तू हात लावस तवय मुकीच ऱ्हाये. माले वाटनं, देव त्यानंच ऐकस. तुले वाईट वाटी, म्हनीसन बोलनू नही."

इतके महिने त्यांना ऐकू येत होतं. दर खेपेला मी हात लावायची आणि त्या मागे कान देऊन बसायच्या, गाडी मुकी राहायची आणि त्या माझ्यासाठी गप्प राहायच्या.

"तुनंबी ऐकं व माय," अक्का म्हणाल्या, आणि पुढे वाकून चाचपडत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. अगदी मोठ्याने, शेजारीण बाहेर येईल इतकं. गाडी बंद करायचं भानच राहिलं नाही. पंखा थांबला तरी अक्कांचा हात खांद्यावर तसाच होता.